आपल्या मालाचे पान आपणच बनवावे
मोफत सॉफ्टवेअरवर वेबपेज बनविण्याचा पहिला धडा



बाजारात नवे गिऱ्हाईक दोन गोष्टी आधी विचारते. माल कोणता आहे, आणि तुम्ही भेटाल कुठे? पूर्वी या दोन प्रश्नांचे उत्तर दुकानाची पाटी आणि छापील कार्ड देत असे. आता परगावचे गिऱ्हाईक आधी मोबाईलवर शोधते, मग फोन करते. शोधल्यावर आपले काहीच सापडले नाही तर ते दुसऱ्याकडे जाते आणि आपणास त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून प्रत्येक छोट्या व्यापाऱ्याचे व हुनरमंद कारागिराचे स्वतःचे निदान एक वेबपेज असावे. ते बनविण्यासाठी हजारो रुपये मोजण्याची गरज नाही. त्यासाठीची साधने मोफत मिळतात आणि ज्यास संगणकावर एक पत्र टाईप करता येते त्यास ती शिकता येतात. मात्र 'मोफत' या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. प्रस्तुत लेखात दोन्ही गोष्टी पाहू.

वेबपेज म्हणजे काय?

वेबपेज ही संगणकातील एक साधी फाईल असते. तीत आपला मजकूर असतो आणि मजकुराभोवती खुणा असतात. हे शीर्षक, हा परिच्छेद, येथे चित्र, येथे दुवा, असे त्या खुणा सांगतात. या खुणांच्या भाषेस एचटीएमएल म्हणतात. आपल्या कापडधंद्यातील उदाहरण द्यायचे तर जॅकार्ड मागावरील छिद्रांची कार्डे डोळ्यांसमोर आणावीत. कार्डात फूल दिसत नाही, नुसती छिद्रे दिसतात; पण माग ती वाचतो आणि चादरीवर फूल उमटते. त्याचप्रमाणे ब्राउझर एचटीएमएलच्या खुणा वाचतो आणि पडद्यावर पान उमटते.

कार्ड हाताने पाडणारा कारागीर वेगळा आणि नक्षी काढणारा वेगळा. व्यापाऱ्याने दोन्ही शिकावे अशी अपेक्षा नाही. म्हणून अशी सॉफ्टवेअरे निघाली की ज्यात आपण पडद्यावर थेट पान मांडतो, अक्षर मोठे करतो, चित्र बसवितो आणि मागच्या खुणा सॉफ्टवेअर आपोआप लिहिते. यांस दृश्य संपादक म्हणता येईल. जसे दिसते तसेच पान तयार होते.

ही कल्पना नवी नाही. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत जो पहिला ब्राउझर तयार केला, त्यातच पान वाचण्याची व लिहिण्याची दोन्ही सोय होती. म्हणजे वाचणाऱ्यास लिहिताही यावे हाच मूळ हेतू होता. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचे तंत्र सर्वांसाठी खुले केले. कोणासही ते परवानगी वा मोबदल्याशिवाय वापरता येऊ लागले.

'मोफत'चे दोन प्रकार

येथे व्यापारी नजरेने पाहिले पाहिजे. पान बनविण्याचे साधन मोफत असणे ही एक गोष्ट आणि पान ठेवण्याची जागा मोफत असणे ही दुसरी. पुष्कळ लोक या दोन्ही एकच समजतात आणि येथेच नुकसानीस सुरुवात होते.

जागेची गोष्ट प्रथम घेऊ. १९९० च्या दशकात जिओसिटीज नावाची सेवा फार गाजली. तेथे कोणीही मोफत पान उघडू शकत असे. १९९९ साली याहू कंपनीने ती विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. लाखो लोकांची पाने तेथून उठली. अलीकडचे उदाहरण आपल्या छोट्या दुकानदारांचेच आहे. गूगलवर दुकानाची नोंद केली की त्या नोंदीवरून एक साधे मोफत वेबपेज बनवून मिळत असे. अनेकांनी तोच पत्ता बिलावर व कार्डावर छापला. मार्च २०२४ मध्ये गूगलने ती पाने बंद केली. काही काळ जुना पत्ता दुकानाच्या नोंदीकडे वळविला जात होता. नंतर तोही थांबला. नकाशावरील नोंदीची सोय आजही मोफत आहे आणि ती प्रत्येकाने जरूर करावी. परंतु पान मात्र गेले.

यात कोणी फसवणूक केली असे म्हणता येणार नाही. जागा त्यांची होती, त्यांनी आवरून घेतली. भाड्याची पावती नसलेल्या ओट्यावर माल मांडणाऱ्यास मालक केव्हाही उठवू शकतो, तसाच हा प्रकार आहे.

आता साधनाची गोष्ट पाहा. १९९७ साली नेटस्केप कंपनीने आपल्या कम्युनिकेटर या संचात कंपोझर नावाचा दृश्य संपादक दिला. पुढे नेटस्केप मागे पडली व दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली. पण १९९८ साली तिने आपल्या संचाची मूळ संहिता सर्वांसाठी खुली करण्याचा मार्ग धरला होता आणि त्यातून मोझिला प्रकल्प उभा राहिला. त्यामुळे कंपनी संपली तरी संपादक संपला नाही. त्यावरूनच २००५ साली एनव्ह्यू हा संपादक पूर्ण झाला. मोझिलाने जुना संच पुढे न चालविण्याचे ठरविले तेव्हा स्वयंसेवकांनी तो हाती घेतला आणि जानेवारी २००६ मध्ये सीमंकी या नावाने त्याची पहिली आवृत्ती काढली. आज सीमंकी घेतले तर त्यात कंपोझर आहेच. याउलट मायक्रोसॉफ्टने १९९६ साली विकत घेतलेला फ्रंटपेज हा त्याच काळातील मोठा नावाजलेला संपादक होता. २००३ च्या आवृत्तीनंतर कंपनीने तो थांबविला आणि तो पुढे चालविणे दुसऱ्या कोणाच्या हाती नव्हते.

यावरून व्यापाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे: साधन खुले असावे आणि पानाची फाईल आपल्या संगणकात असावी. मग जागा कोणीही काढून घेतली तरी आपण फाईल उचलून दुसरीकडे ठेवू शकतो.

कोणते साधन कोणासाठी?

एक-दोन पानांचे काम असेल आणि शिकायचे असेल तर सीमंकीमधील कंपोझर ठीक आहे. तो विंडोज, मॅक व लिनक्स तिन्हींवर चालतो. मोबाईलवर चालत नाही, संगणक लागतो. त्याची धाटणी जुनी आहे, परंतु पहिला धडा गिरविण्यास तो सोपा पडतो आणि फाईल आपल्याच हाती राहते.

माल पुष्कळ असेल, नवे नमुने वरचेवर टाकायचे असतील, तर वर्डप्रेस पाहावे. हेही खुले सॉफ्टवेअर असून २००३ पासून चालू आहे. डिसेंबर २०१८ पासून त्यात मजकुराचे व चित्रांचे ठोकळे एकाखाली एक मांडून पान बनविता येते. मराठीतूनही ते वापरता येते. मात्र ते चालविण्यास भाड्याची जागा लागते आणि वेळोवेळी नवी आवृत्ती चढवावी लागते. ते न केल्यास चोरांना दार उघडे मिळते.

गूगल साइट्स किंवा विक्स यांसारख्या सेवांत साधन व जागा एकत्र मिळते. काम झटपट होते. पण विक्सच्या मोफत योजनेत पत्ता त्यांच्या नावाचा असतो, पानावर त्यांची जाहिरात असते आणि तेथे बनविलेले पान जसेच्या तसे उचलून दुसऱ्या जागी नेता येत नाही. घाईच्या कामास हरकत नाही, परंतु धंद्याचा कायमचा पत्ता म्हणून त्यावर विसंबू नये.

प्रत्यक्ष धडा

समजा, चादरी व टॉवेलांच्या एका व्यापाऱ्यास पान करायचे आहे. त्याने पुढील क्रमाने जावे.

१) सीमंकी हे त्याच्या स्वतःच्या अधिकृत जागेवरूनच उतरवून घ्यावे. मोफत सॉफ्टवेअरच्या नावाखाली भलतेच काही चिकटवून देणाऱ्या जागा अनेक आहेत.

२) संगणकात दुकानाच्या नावाचा एक नवा फोल्डर करावा. पान आणि सर्व चित्रे याच फोल्डरात राहतील. चित्रांची नावे रोमन लिपीतील लहान अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता द्यावीत.

३) मोबाईलवर काढलेले छायाचित्र जसेच्या तसे वापरू नये. ते कित्येक एमबीचे असते. साध्या मोबाईलवर पान उघडताना गिऱ्हाईक कंटाळून निघून जाते. विंडोजमधील पेंट किंवा गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चित्राची रुंदी सुमारे १००० पिक्सेल करून घ्यावी. संपादकात चित्राचा कोपरा ओढून ते लहान केले तर फक्त दिसण्यास लहान होते, फाईलचे वजन तेवढेच राहते.

४) सीमंकी उघडून विंडो या मेनूतून कंपोझर निवडावा. कोरे पान येईल. काहीही टाईप करण्यापूर्वी ते आपल्या फोल्डरात 'इंडेक्स' या नावाने, एचटीएमएल प्रकारात सेव्ह करावे. इंडेक्स हे नाव यासाठी की पत्ता टाकल्यावर ब्राउझरला आधी हेच पान दिले जाते. सेव्ह करताना पानाचे शीर्षक विचारले जाते. तेथे दुकानाचे नाव, माल आणि गाव लिहावे. शोधणाऱ्यास बहुधा हेच शीर्षक दिसते.

५) आता मजकूर लिहावा. दुकानाच्या नावास 'हेडिंग १' आणि मालाच्या प्रकारांस 'हेडिंग २' द्यावे. नुसते अक्षर मोठे करून शीर्षक बनवू नये. दिसण्यास फरक पडत नाही, पण शोधयंत्रास हे शीर्षक आहे हे खुणेवरूनच कळते.

६) इन्सर्ट या मेनूतून इमेज निवडून चित्र घालावे. तेथे पर्यायी मजकुराची चौकट असते. ती रिकामी सोडू नये; "निळ्या किनारीची सुती चादर, ६० × ९० इंच" असे स्पष्ट लिहावे. चित्र उघडले नाही तर हा मजकूर दिसतो आणि दृष्टिहीन व्यक्तीस तो वाचून दाखविला जातो. त्याच ठिकाणी चित्राचा पत्ता पानाच्या जागेच्या संदर्भात ठेवण्याची खूण असते, ती असू द्यावी. ती नसल्यास पान आपल्या संगणकातील चित्राचा पत्ता धरून बसते. मग आपल्याला चित्र दिसते आणि जगाला मात्र रिकामी चौकट दिसते.

७) मालाची यादी टेबलमध्ये मांडता येते. टेबलची रुंदी पिक्सेलमध्ये न देता टक्क्यांत द्यावी आणि दोनच उभे रकाने ठेवावेत. पाच रकान्यांचे टेबल संगणकावर छान दिसते, मोबाईलवर मात्र ते बाजूला सरकवत बसावे लागते.

८) संपर्कासाठी दुवा द्यावा. व्हॉट्सॲपच्या दुव्याचा पत्ता 'डब्ल्यू-ए डॉट एम-ई' असा असून त्यापुढे तिरकी रेघ, मग ९१ आणि आपला दहा आकडी क्रमांक, मध्ये जागा किंवा अधिक चिन्ह न देता लिहावा. गिऱ्हाइकाने बोट लावले की थेट आपल्याशी बोलणे सुरू होते.

९) खालच्या पट्टीत सोर्स नावाचा भाग आहे. तेथे आपल्या पानाच्या खुणा दिसतात. घाबरू नये, एकदा वाचून पाहावे. मोबाईलवर पान नीट बसावे यासाठी वरच्या हेड या भागात व्ह्यूपोर्टची एक ओळ लागते, ती कंपोझर स्वतः घालत नाही. घरात संगणक शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांच्याकडून ती घालून घ्यावी. पुढच्या प्रत्येक पानास तीच ओळ चालते.

१०) शेवटी पान ब्राउझरमध्ये उघडून तपासावे. मग पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर उघडावा. तेथे सर्व चित्रे दिसली तर काम बरोबर झाले असे समजावे.

मराठी आणि उर्दू अक्षरे

आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांचे गिऱ्हाईक मराठी, उर्दू, हिंदी असे मिश्र असते. त्यामुळे हा मुद्दा वेगळा घेत आहे. पूर्वी छपाईसाठी जे मराठी फाँट वापरले जात, त्यांतील बहुतेकांत अक्षरांची रचना ज्या त्या कंपनीची वेगळी होती. तसा मजकूर वेबपेजवर चिकटविला तर तो फाँट नसलेल्या मोबाईलवर नुसती निरर्थक चिन्हे दिसतात. इनपेजच्या जुन्या आवृत्त्यांत लिहिलेल्या उर्दूचेही तेच. म्हणून अनेक जण उर्दू मजकुराचे चित्र करून लावतात. ते दिसते खरे, पण शोधयंत्रास चित्रातील अक्षर सहसा हाती लागत नाही आणि गिऱ्हाइकास त्यातून क्रमांक किंवा पत्ता उचलून घेता येत नाही.

यावर उपाय म्हणजे मजकूर युनिकोडमध्येच टाईप करावा आणि पान सेव्ह करताना यूटीएफ-८ ही अक्षरपद्धती निवडावी. मोबाईलवर आपण मराठी व उर्दू जे टाईप करतो ते युनिकोडच असते. उर्दू परिच्छेदास आणखी एक गोष्ट लागते. तो नुसता उजव्या बाजूस सरकविला म्हणजे झाले असे नाही. त्याची दिशाही उजवीकडून डावीकडे आहे असे खुणेत सांगावे लागते. त्यासाठी सोर्समध्ये परिच्छेदाच्या खुणेत 'डीआयआर' हा शब्द घालून त्याची किंमत 'आरटीएल' देतात. हे न केल्यास पूर्णविराम भलत्या टोकास जातो आणि इंग्रजी शब्द व आकडे मध्ये आले की वाक्याचा क्रम बिघडतो. नस्तालीक लिपीसाठी नोटो नस्तालीक उर्दू हा फाँट मोफत मिळतो.

पान ठेवावे कुठे?

पान तयार झाले तरी ते आपल्या संगणकातच आहे. जगास दिसण्यासाठी ते कायम चालू असणाऱ्या संगणकावर ठेवावे लागते. येथे दोन खर्च येतात: नावाचा आणि जागेचा. नाव म्हणजे डॉट इन किंवा डॉट कॉम असा पत्ता. डॉट इन पत्ता वर्षाला साधारण काही शे रुपयांत मिळतो. २०१४ पासून देवनागरीत डॉट भारत असाही पत्ता घेता येतो. सर्व खर्च वाचवावा, पण नावाचा वाचवू नये. नाव आपले असले की जागा बदलली तरी कार्डावर छापलेला पत्ता बदलत नाही. ते नाव स्वतःच्या नावे, स्वतःच्या ई-मेलवर नोंदवावे. पान करून देणाऱ्याने ते आपल्या नावे नोंदविले तर पाटीची मालकी त्याची होते. नूतनीकरणाची तारीख दुकानाच्या वहीत लिहून ठेवावी.

जागा मोफतही मिळते. मात्र तिच्या अटी वाचाव्यात. उदाहरणार्थ, गिटहब पेजेस ही मोफत जागा चांगली आहे, परंतु ऑनलाइन धंदा चालविण्यासाठी ती वापरू नये असे तिच्या अटींतच म्हटले आहे. व्यापाऱ्याने भाड्याची लहानशी जागा घेतलेली बरी. फाईली तेथे चढविण्यासाठी फाइलझिला हे मोफत साधन पुरते.

पानावर काय लिहावे?

सॉफ्टवेअर पान बनवून देते, विश्वास बनवून देत नाही. मालाचे माप इंचात लिहावे. सूत कोणते ते खरे लिहावे. पॉलिएस्टर मिसळलेले असेल तर 'शुद्ध सुती' लिहू नये. पडद्यावरचा रंग आणि कापडाचा रंग तंतोतंत जुळत नाही, हे आधीच सांगावे. सोलापुरी चादर व टॉवेल यांस भौगोलिक मानांकन आहे. माल तेथला नसेल तर ते नाव वापरू नये. भाव लिहिल्यास शेजारी तारीख लिहावी, कारण सुताचा भाव हलला की कालचा भाव आज परवडत नाही आणि गिऱ्हाईक मात्र पान दाखवून भांडते. पानावरूनच मागणी व पैसे घेणार असाल तर २०२० चे ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम आधी जाणत्या माणसाकडून समजून घ्यावेत. विक्रेत्याचे नाव, पत्ता, संपर्क आणि माल परत घेण्याच्या अटी लपवून चालत नाही.

फुलांच्या सरी, हलणारी अक्षरे, आपोआप वाजणारे संगीत टाळावे. नाव, माल, माप, पत्ता, वेळ, क्रमांक एवढे एका पानावर असले की गिऱ्हाइकाचे काम होते.

हा पहिला धडा एका सुट्टीच्या दिवशी पूर्ण होतो. या आठवड्यात पाच छायाचित्रे काढावीत, त्यांची मापे वहीत लिहावीत आणि एक पान बनवून पाहावे. जागा नंतर घेतली तरी चालेल. पान पूर्ण झाले की फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर करून ती हिशेबाच्या वह्यांसोबत कपाटात ठेवावी. पानात बदल केला की ती प्रतही बदलावी.